रागाची पाहणी

आमच्या घरात मला जबाबदारीचं काम कोणी सांगत नसे, आणि त्याला कारणं होती. दळण आणायला पाठवलं तर मी दुसऱ्याचा डबा घेऊन यायचो. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला पाठवलं तर पाहुणे विचारत विचारत घरी पोचायचे आणि मी प्लॅटफॉर्मवर इंजिनं बघत बसलेला असायचो. एकदा मायनं दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं, तर मी खरोखरच लक्ष ठेवलं. दूध वर आलं, उतू गेलं, शेगडी विझली, हे सगळं मी अगदी बारकाईनं पाहिलं. अशा मुलावर माझ्या मोठ्या बहिणीनं, अक्कानं, तिच्या लग्नाचा निकाल सोपवला याचं आज मला नवल वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा वाटलं होतं, चला, घरात कोणाला तरी आपली किंमत कळली.

आम्ही भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे फरशीचं अंगण, अंगणात दोरी, आणि दोरीवर कधीच पूर्ण पांढरे न होणारे कपडे, कारण इंजिनांचा धूर वाळत घातलेल्या प्रत्येक गोष्टीत आपला वाटा घ्यायचा. वडिलांना आम्ही मुलं नाना म्हणायचो आणि सगळी कॉलनीही नानाच म्हणायची. ते लोको शेडमध्ये फिटर होते, वाफेच्या इंजिनांवर. शेडचा भोंगा झाला की माय चहाचं आधण ठेवायची, दुसरा झाला की नाना दाराबाहेर. यार्डात शंटिंग चालू असलं की डब्याला डबा भिडायचा आणि आमच्या फळीवरची ताटं हलकीशी किणकिणायची. या आवाजांवरून बोलायची सवय लागल्यामुळे आमचं सगळं कुटुंब मोठ्यानं बोलतं. आजही मी फोनवर बोलायला लागलो की माझी बायको म्हणते, फोन कशाला लावलाय, खिडकी उघडा, ऐकू जाईल त्यांना.

नानांना एक सवय होती. कोणतीही वस्तू दिसली की ते बोटाची पेरं वाकवून तिच्यावर ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे. इंजिनाची चाकं हातोडीनं ठोकून, तडा गेलाय का ते आवाजावरून ओळखण्यात त्यांची उमर गेली होती, त्यामुळे ते टरबूज ठोकायचे, मायची पातेली ठोकायचे, नव्या घरी गेले तर भिंत ठोकायचे. अधूनमधून माझं डोकं ठोकायचे आणि मायकडे बघून म्हणायचे, "खाली डबा शे." म्हणजे रिकामा. नानांचं मूळ गाव अमळनेरकडचं. शेडमध्ये ते साहेबांशी हिंदी बोलत, बाहेर मराठी, पण खरं मत द्यायचं झालं की त्यांची गावाकडची बोलीच बाहेर यायची.

अक्का माझ्याहून बरीच मोठी. शिक्षिकेचा कोर्स करायला ती रोज सकाळच्या पॅसेंजरनं जळगावला जायची आणि दुपार कलल्यावर यायची. ती फार बोलायची नाही, पण तिनं एखादी गोष्ट ठरवली की नाना आणि माय दोघं मिळूनही ती हलवू शकत नसत. तिला स्थळ आलं होतं. मुलगा धुळ्याचा, दिनकर नावाचा, हवाई दलात तंत्रज्ञ. आपल्याच समाजाचा, मामा धुळ्याला एसटीत कंडक्टर, घरची माणसं साधी. रजेवर आला तेव्हा मामाला घेऊन तो आमच्याकडे बघायला आला. मायनं भरीत केलं होतं. बामणोदची मोठी हिरवी वांगी काट्याकुट्यांच्या जाळावर भाजून, लाकडी बडजीत कुटून, त्यात हिरवी मिरची, कांद्याची पात आणि शेंगदाणे, वरून तेल. सोबत कळण्याच्या पुऱ्या. पाहुणा खाली मान घालून जेवला. सगळ्या कार्यक्रमात तो स्वतःहून एकच वाक्य बोलला, "पंखा जरा हळू करता का, यांच्या ताटातलं उडतंय." यांच्या म्हणजे माझ्या. मी लगेच त्याच्या बाजूनं झालो. पण माझं मत कोणी विचारलं नाही.

जाताना मामांनी रीतीप्रमाणे सांगितलं, की आता तुम्ही या, मुलगा कुठे राहतो, काय करतो, बघून घ्या. मुलगा दिल्लीला होता. नानांना रेल्वेचा पास होता, तेव्हा जायला अडचण नव्हती. अडचण दुसरीच होती. त्याची नेमणूक कुठे आहे हे मामांनी समजावून सांगितलं तेव्हा नानांचा चेहरा उतरला. दिल्लीत विमानतळाच्या कडेला हवाई दलाचं एक संग्रहालय होतं. लढाया करून निवृत्त झालेली जुनी विमानं तिथे मांडून ठेवलेली, आणि त्यांची निगा राखायला जे लोक ठेवले होते त्यांत हा दिनकर. पाहुणे गेल्यावर नाना मायला म्हणाले, "उडत नाही एकबी विमान. म्हणजे आपला जावई भंगारात कामाला." माय म्हणाली, भंगार कसं, सरकारी आहे. "मग सरकारी भंगार," नाना म्हणाले. त्या वर्षांत त्यांच्या शेडमध्ये वाफेची इंजिनं एकेक करून बंद होत होती. बाद झालेलं इंजिन मागच्या रुळावर नेऊन उभं करायचे, त्याच्यावर खडूनं फुली मारायचे, आणि मग एक दिवस ते दिसायचं नाही. ज्या फिटरला त्या रुळावर काम द्यायचे, त्याच्याबद्दल लोक हळू आवाजात बोलायचे. चांगल्या माणसाला कोणी मेलेल्या यंत्रांवर कशाला बसवेल, असा नानांचा प्रश्न होता.

अक्काचा प्रश्न मात्र वेगळा होता, आणि तो तिनं फक्त मला सांगितला. आमच्या लाइनीतच सुशीला म्हणून तिची मैत्रीण होती. दोन घरं सोडून तिचं माहेर. तिचं लग्न आदल्या वर्षी जळगावला झालं होतं. त्या उन्हाळ्यात ती माहेरी आली होती आणि भुसावळच्या उन्हात, जिथे आम्ही मुलं बनियनवरसुद्धा वैतागायचो, तिथे ती पूर्ण बाह्यांचं पोलकं घालून बसायची. माझ्या डोक्यात त्यातलं काही शिरलं नव्हतं. मी तिला एकदा विचारलंही होतं, की सुशीलाताई, थंडी वाजते का? अक्कानं तेव्हा मला असा चिमटा काढला की मला ऊन, थंडी काही कळेना. नंतर तिनं मला अंगणात गाठलं.

"सुध्या, तू नानांबरोबर दिल्लीला चाललाय ना?"

"हो. विमानं बघायला."

"विमानं बघ. पण माझं एक काम कर. नाना पगार बघतील, क्वार्टर बघतील. मला ते नको सांगू. त्याला राग आल्यावर तो कसा दिसतो, ते बघून ये."

"आणि त्याला राग आलाच नाही तर?"

अक्कानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू असताना? शाळेतले गुरुजी, दूधवाला, पोस्टमन, कोणी सुटलंय तुझ्या तावडीतून? तुला फक्त तू जसा आहेस तसंच राहायचंय. मात्र जे बघशील ते खरं सांगायचं. त्यावर मी हो की नाही ते ठरवणार."

आयुष्यात मला पुढे बरीच कामं मिळाली, काही पगाराची, काही बिनपगाराची, पण माझ्या अंगच्या गुणांना इतकं साजेसं काम पुन्हा मिळालं नाही.

मायनं बरोबर कणकेच्या बट्ट्या दिल्या, तुपात बुडवलेल्या, प्रवासात टिकाव्यात म्हणून. शिवाय ठेचा, आणि जावयासाठी म्हणजे होऊ घातलेल्या जावयासाठी ज्वारीच्या बिबड्यांचा मोठा पुडा. हे बिबडे आपल्याकडे उन्हाळ्यात खाटेवर वाळत घालतात, पापडासारखे पातळ, आणि त्यांना धक्का सोसत नाही. दिल्लीपर्यंत मी तो पुडा मांडीवर धरून नेला आणि दिल्लीच्या स्टेशनवर उतरल्यावर त्याच्यावर बसलो. दिनकर आम्हाला घ्यायला आला होता, गणवेशात, डोक्यावर तिरकी टोपी. "जयभीम, नाना," म्हणून तो वाकला आणि माझ्या खालून पुडा काढून घेत म्हणाला, "बरं झालं, आता तळायला कढई लहान लागेल."

मी मनात नोंद केली: पहिला प्रयत्न फुकट. खरं तर तो प्रयत्न नव्हताच, मी आपला सहज बसलो होतो, पण हिशेबात धरायला काय हरकत आहे.

संग्रहालय म्हणजे मला वाटलं होतं काचेची कपाटं असतील. तिथे होतं एक भलंमोठं पत्र्याचं शेड, आमच्या लोको शेडसारखंच, फक्त काळं नव्हतं. आत गेलो. विमान मी तोवर पाहिलं होतं ते आभाळात, सुईएवढं. इथे ती नाकाला नाक लावून उभी होती. लाकडी पंख्याची, दोन मजली पंखांची, माशासारखी निमुळती, आणि काही अशी फुगीर की त्यांनी उडण्याचा विचार तरी कसा केला असेल. फरशीला पॉलिशचा वास, त्यात जुन्या रबराचा आणि रॉकेलसारखा कसलासा वास मिसळलेला. प्रत्येक विमानाच्या पोटाखाली पत्र्याचा उथळ ट्रे ठेवलेला.

"हे कशाला?" नानांनी विचारलं.

"तेल गळतं, नाना. इंजिन बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी थेंब थेंब येतंच. म्हातारपण आहे."

नाना हं म्हणाले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बोटाची पेरं वाकवली आणि जवळच्या विमानाच्या कुशीवर ठोकलं. टण्ण. "डबा," ते पुटपुटले. पुढच्यावर ठोकलं. "हाबी डबा." पत्रा पातळ, आत पोकळ, वजन काही नाही, वाफेच्या इंजिनाच्या माणसाला हा सगळा कारभार फसवणुकीचा वाटत होता. मग ते दोन मजली पंखांच्या विमानापाशी गेले, ठोकलं, आणि आवाजच आला नाही. नानांनी बोट मागे घेतलं, जणू चावलं.

"हे काय?"

"कापड आहे, नाना. लाकडी सांगाडा आणि वर कापड ताणून रंग दिलेला."

"कापड! आणि यात बसून लढाईला गेले?"

"गेले, नाना. आणि परत पण आले."

नाना त्या विमानासमोर बराच वेळ उभे राहिले. पुढे त्यांनी ही गोष्ट भुसावळला सगळ्या शेडला सांगितली, आणि सांगताना दर वेळी ते कापड थोडं आणखी पातळ होत गेलं. शेवटी शेवटी तर ते धोतराचं झालं होतं.

मी माझ्या कामाला लागलो. पहिल्यांदा दिनकरला विचारलं, की तुम्ही विमान चालवत नाही, उडवत नाही, मग तुम्ही काय, विमानांचे हमाल? तो म्हणाला, "हमाल नाही रे, न्हावी. रोज सकाळी यांची दाढी करतो." आणि खिशातलं पिवळं फडकं काढून दाखवलं. मग मी प्रत्येक विमानापाशी "हे कोणी पाडलं?" असं विचारत सुटलो. त्यानं प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे सांगितलं, की पाडलेलं इथे उभं कसं राहील. मी सांगितलं, की आमची अक्का फार तापट आहे, तिला स्वयंपाक येत नाही आणि ती झोपेत बोलते. तो म्हणाला, "झोपेत काय बोलते?" आता याला काय उत्तर देणार! मी म्हटलं, गणितं सोडवते. "मग बरं आहे," तो म्हणाला, "माझं गणित कच्चं आहे."

शेवटी मी त्याची टोपी लांबवली. तो नानांना एका विमानाचं चाक वाकून दाखवत होता, टोपी बाजूच्या कठड्यावर होती. मी ती उचलून आमच्या जेवणाच्या पिशवीत कोंबली. उघड्या डोक्यानं फिरताना दिसला म्हणून एका साहेबानं त्याला दुरून हाक मारून झापलं. हा ताठ उभा राहून ऐकून घेऊन आला, माझ्या शेजारी बसला, आणि दुसरीकडेच बघत म्हणाला, "टोपी बट्ट्यांच्या डब्याला टेकवू नको हां. तूप लागलं तर धुऊन जात नाही."

मी थकलो. या माणसाला रागाचा अवयवच बसवलेला नव्हता. आणि मला तर खबर न्यायची होती.

जेवण झालं. शेडच्या मागे उघड्यावर काही जेट विमानं उभी होती, आणि दिनकर नानांना तिथे घेऊन गेला. नानांचा सूर एव्हाना जरा बदलला होता. रांगेनं उभी, रंग दिलेली, चाकाखाली लाकडी ठोकळे लावलेली ती यंत्रं बघून ते म्हणाले, "आमच्याकडे एक तरी इंजिन असं ठेवायला पाहिजे होतं." ते असं कधी बोलत नसत. ते दोघं पुढे गेले आणि मी मागे राहिलो. शेवटच्या जेटच्या शेपटाला मोठं गोल भोक होतं, तोंड उघडं, झाकण खाली गवतात ठेवलेलं. सकाळी दिनकर तेच साफ करत होता आणि आम्हाला घ्यायचं म्हणून तसंच टाकून स्टेशनवर आला होता. मी विचार केला, की आपण आत लपू. तो हाका मारेल, शोधेल, घामाघूम होईल, आणि मग बघू कसा चिडत नाही ते.

डोकं आधी घालून मी आत सरपटलो. आत नळीसारखं होतं, गुळगुळीत, काळं, आणि उन्हानं तापलेलं. थोडं आत गेल्यावर बरं वाटलं. आणखी थोडं गेलो. बाहेरून दिनकरची हाक आली, "सुधाकर! ए सुधाकर!" मी तोंडावर हात दाबून हसलो. हाक लांब गेली, परत जवळ आली, पुन्हा लांब गेली. मग मला वाटलं, पुरे, निघू. आणि मागे सरकलो, तर सरकता येईना. शर्ट कुठेतरी आत अडकून गोळा झाला होता, हात डोक्यापुढे होते, कोपरं पत्र्याला घट्ट. जितका जोर करावा तितका शर्ट वर गोळा होऊन मी जास्तच बसत होतो. मी ओरडलो. तो आवाज माझ्याच कानांवर येऊन आदळला. उष्णता एवढी होती की श्वास आत घेतला की तोंड भाजायचं. हसू कधी गेलं ते कळलंच नाही. मला एकदम मायची आठवण आली, नानांची आली, आणि ज्या अक्काच्या कामासाठी मी तिथे शिरलो होतो तिचा राग आला, हेही सांगून टाकतो.

मी मुठीनं पत्र्यावर ठोकायला लागलो, जेवढं ठोकता येत होतं तेवढं. बाहेर नाना विमानाच्या कडेनं चालले होते. सवयीनं त्यांनी याही विमानाच्या कुशीवर ठोकलं असणार, कारण मला जवळच टण्ण ऐकू आलं. मी ठोकलं. पुन्हा बाहेरून टण्ण. मी पुन्हा ठोकलं. आणि मग मला नानांचा आवाज ऐकू आला, इतका बदललेला की मी आधी ओळखलाच नाही: "दिनकर! हाई खाली नही शे! मझार कोणीतरी शे!" मझार, म्हणजे आत, मी होतो.

पुढचं मला पायांकडून कळलं. कोणीतरी माझ्या चपला काढल्या. दोन हातांनी घोटे धरले. आणि दिनकरचा आवाज आला, अगदी सावकाश, जणू आम्ही दोघं चहा पीत बसलोय: "सुधाकर, ऐकतोस ना? ओढ देऊ नको. सगळा श्वास बाहेर सोड. पोट आत. आणखी सोड. आता हात ढिले." मी श्वास सोडला. त्यानं ओढलं. शर्ट फाटला, कोपरं सोलली, आणि मी उन्हात, गवतावर, हवेत आलो. पुढच्या आयुष्यात मला पुष्कळांनी अडचणींतून बाहेर ओढलं. मी ज्या ज्या गोष्टींत डोकं घातलं त्यांची यादी केली तर एक अख्खं पुस्तक फक्त तिनंच भरेल. पण कोणत्याही अडचणीत मला तोच आवाज आठवतो, श्वास सोड म्हणून सांगणारा, आणि खरंच सांगतो, मी सोडतो.

मी डोळे उघडले तर दिनकर माझ्यावर वाकला होता, चेहरा लाल, मानेची शीर फुगलेली. आणि तो फुटला. सकाळपासूनची ती शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली. धुळ्याची सगळी बोली एकदम बाहेर आली. "तुले अक्कल शे का रे? मरी जाता ना मझार! हाई काय खेळानी जागा शे? तुनी मायले मी काय तोंड दखाडतू? काय सांगतू तुनी बहिणले?" आवाज इतका मोठा की शेडमधली माणसं धावत आली. तो साहेबही आला. नाना माझ्या चपला हातात घेऊन बाजूला उभे होते. मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली होती, पण असं कोणी माझ्यावर ओरडलं नव्हतं. मी रडायला लागलो.

साहेबानं विचारलं, काय झालं. दिनकर ताठ उभा राहिला आणि हिंदीत म्हणाला, की झाकण मी काढून उघडं ठेवलं होतं, चूक माझी. माझं नावसुद्धा घेतलं नाही. त्यापायी त्याची पुढची रजा गेली, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, तेही दुसऱ्याकडून.

साहेब गेल्यावर त्यानं मला नळाखाली नेलं. तोवर तो पुन्हा सकाळचा दिनकर झाला होता. मला पाणी पाजून तो म्हणाला, "सकाळपासून तू मला का छळतोयस, ते मला कळलं नाही असं समजू नको. मलापण बहिणी आहेत. माझ्या बहिणीनंही मला असंच पाठवलं होतं, तिच्या वेळेला." त्यानं नळ बंद केला. "आता घरी गेलास की हे सगळं सांगायचं. मी ओरडलो तेपण. काही गाळायचं नाही."

परतीच्या गाडीत नाना बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी मला विचारलं, "तुला कसा वाटला माणूस?" नानांनी माझं मत विचारण्याची ती पहिली वेळ. मी म्हटलं, चांगला वाटला. ते म्हणाले, "मलाबी." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. ठोकलं नाही, नुसता ठेवला.

आता माझ्यापुढे पेच होता. नाना तयार, माय नानांवर, म्हणजे सगळं अक्कावर, आणि अक्का माझ्यावर. मी खरं सांगितलं, की तो भर लोकांत मान फुगेपर्यंत ओरडला, तर ती नाही म्हणणार. सुशीला त्या पूर्ण बाह्यांखाली काय झाकत होती, ते आता मला कळलं होतं. आणि मला तर तो माणूस हवा होता, कसाही करून हवा होता. इटारसीपासून खंडव्यापर्यंत मी विचार केला आणि ठरवलं, की खोटं बोलायचं. खोटं बोलण्यात मी कच्चा नव्हतो.

घरी आलो तेव्हा अक्का चुलीपुढे भाकरी थापत होती. माय अंगणात नानांना पाणी देत होती. अक्कानं मान वर न करता विचारलं, "बोल."

"काय सांगू अक्का, देवमाणूस आहे. मी सगळं करून बघितलं. टोपी पळवली, वाट्टेल ते बोललो. चिडला नाही. एकदासुद्धा नाही. त्याला राग येतच नाही."

अक्काचे हात थांबले. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल म्हणून मी बघत होतो, तर तिचा चेहरा पडला.

"मग नको," ती म्हणाली.

"अगं, नको काय? चिडत नाही म्हणतोय मी!"

"सुशीलाला बघायला आला होता तोपण चिडला नव्हता. चहा सांडला त्याच्या अंगावर तर हसला होता. सगळे म्हणाले, देवमाणूस." तिनं पिठाचा हात परातीवर झटकला. "ज्याचा राग मला दिसत नाही, त्याच्या घरी मी जाणार नाही. सांग नानांना."

मग माझी जी धांदल उडाली ती काय सांगू! थांब थांब, चिडला, चिडला होता, फार चिडला होता, असं म्हणत मी सगळं ओकलो. नळी, शर्ट, नानांचं ठोकणं, घोटे, श्वास, आणि तो आवाज. त्याचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले, त्याच बोलीत, तेवढ्याच मोठ्यानं. अंगणातून माय आत आली आणि दारातच उभी राहिली. मी फाटका शर्ट दाखवला, कोपरं दाखवली. आणि त्यानं काही गाळायचं नाही असं सांगितलं होतं, तेही सांगितलं.

अक्का ऐकत होती. तव्यावरच्या भाकरीकडे तिचं लक्ष नव्हतं. मी थांबल्यावर तिनं अगदी हळू विचारलं, "तो एवढा ओरडत होता, तेव्हा त्याचे हात कुठे होते?"

असा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. मी डोळे मिटून आठवलं. लाल चेहरा आठवला, शीर आठवली, मग खाली बघितलं.

"माझ्या कोपरावर," मी म्हटलं. "रुमालानं रक्त पुसत होता. ओरडत होता आणि पुसत होता. फुंकर पण घातली मधे."

मग जळका वास आला. अक्कानं भाकरी घाईघाईनं उलटली, ती एका बाजूनं पार काळी झाली होती. अक्काच्या हातून असं कधी होत नसे. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, धूर फार झालाय, आणि मग मायकडे न बघताच, "नानांना सांग, होकार कळवा म्हणावं."

माय नानांकडे पळाली. मी ताट पुढे केलं आणि म्हटलं, ती काळी भाकरी मला दे. मला फार भूक लागली होती, आणि खरं सांगतो, तेवढी गोड भाकरी मी पुन्हा खाल्ली नाही.